वजन झालं, आता बाळाला खेळू द्या

प्रति,
मा. मुख्य कार्यकारी अधिकारी,
जिल्हा परिषद, नंदुरबार



आपल्या जिल्ह्यातल्या अंगणवाड्या जिल्हा परिषदेच्या अखत्यारीत चालतात, म्हणून मंत्रालयाला न लिहिता हे पत्र आपल्यालाच लिहिते आहे. मागणी एवढीच की सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंतच्या मुलांना अंगणवाडीत आणि पाळणाघरात खेळायला जागा मिळावी, वेळ मिळावा आणि त्यांच्याशी खेळणारं एक मोठं माणूस मिळावं. कुपोषण, सिकलसेल, बाळंतपणाला वेळेवर न पोचणारी गाडी असे प्रश्न समोर असताना खुळखुळ्याचं काय घेऊन बसलात, असं कुणी म्हणेल. मी म्हणते, हा विषय त्याच प्रश्नांच्या रांगेतला आहे. तो का, हे सांगण्यासाठीच हा पत्रप्रपंच.

तीन वर्षांखालच्या मुलाचा अंगणवाडीशी आज किती संबंध येतो? त्याला वजनकाट्यावर ठेवतात, उंची मोजतात, दंडाला पट्टी लावतात. आकडे पोषण ट्रॅकर या ॲपमध्ये जातात. लसीची तारीख असेल तर लस टोचली जाते. आईच्या हाती शिध्याची पाकिटं पडतात आणि मूल घरी जातं. तीन ते सहा वर्षांची मुलं रोज येतात, गाणी म्हणतात, खिचडी खातात. त्यांच्याहून लहानांची गाठ बहुतेक वेळा आकड्यापुरतीच.

या मोजमापाला माझा विरोध नाही. 1 जुलै 1998 रोजी धुळ्यातून वेगळा झाल्यापासून आपल्या जिल्ह्याचं नाव राज्यात कुपोषणाच्या जोडीनेच घेतलं जातं. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणातही इथली पाच वर्षांखालची निम्म्याहून जास्त मुलं वजनाने कमी निघाली आणि शंभरातली चाळीसहून जास्त वयाच्या मानाने बुटकी. अशा ठिकाणी काटा हवाच, अंडंही हवंच. पण खुरटलेल्या मुलाची उंची तेवढी मागे पडते असं नाही. अर्धपोटी मूल कमी हलतं, कमी रांगतं, कमी हट्ट करतं. ते निमूट असतं म्हणून मोठी माणसंही त्याच्याशी कमी बोलतात. दंगा करणाऱ्या मुलाला कुणीतरी उचलून घेतं, रागावतं, समजावतं. कोपऱ्यात गप्प बसलेल्या मुलाकडे कामाच्या घाईत कुणाचं लक्ष जात नाही. पाड्यांवर हे चित्र मी अनेकदा पाहिलं आहे. आई मुलाला 'गुणी आहे, अजिबात त्रास देत नाही' म्हणते, तेव्हा मला धास्ती वाटते.

पोट भरल्यावर हा मागासलेपणा आपोआप भरून निघतो का? याचं उत्तर जमैकातल्या किंगस्टन शहरात शोधलं गेलं. 1986-87 मध्ये सॅली ग्रँथम-मॅकग्रेगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या गरीब वस्त्यांतली 9 ते 24 महिन्यांची 129 खुरटलेली मुलं निवडली. काहींना पूरक आहार दिला. काहींच्या घरी आरोग्य सेविका आठवड्यातून एकदा तासभर जाऊन आईच्या मदतीने मुलाशी खेळली. काहींना आहार आणि खेळ दोन्ही मिळाले, काहींना यातलं काहीच नाही. दोन वर्षं हे चाललं. खेळणी घरगुती होती, टाकाऊ वस्तूंपासून केलेली. सेविकांना पदव्या नव्हत्या, प्रशिक्षण होतं. 1991 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले: आहारानेही मुलं सुधारली, खेळानेही, आणि दोन्ही मिळालेल्या मुलांनी न खुरटलेल्या मुलांना जवळजवळ गाठलं. त्याहून मोठी गोष्ट पुढे कळली. ती मुलं बाविशीत आल्यावर संशोधकांनी त्यांना पुन्हा गाठलं, तेव्हा ज्यांच्याशी कुणीतरी खेळलं होतं त्यांची कमाई इतर खुरटलेल्या मुलांपेक्षा सुमारे 25 टक्क्यांनी जास्त होती. नुसता आहार मिळालेल्या मुलांच्या बुद्धीवरचा फायदा मात्र तोवर विरून गेला होता. नंदुरबारला या प्रयोगाइतका लागू पडणारा दुसरा प्रयोग माझ्या माहितीत नाही.

आपल्याकडे तर निम्मी तयारी झालेलीच आहे. डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजनेखाली आदिवासी भागातल्या सात महिन्यांपासून सहा वर्षांपर्यंतच्या मुलांना आठवड्यातून चार दिवस अंडं किंवा केळी मिळतात. म्हणजे दीड वर्षाचं मूल आईच्या किंवा बहिणीच्या कडेवर बसून चार दिवस अंगणवाडीच्या दारात येण्याची सोय आहे. ते अंडं खातं आणि परत जातं. त्याला आणखी अर्धा तास थांबवून घ्या, एवढंच मी म्हणते आहे.

त्या अर्ध्या तासात करायचं काय, हा पुढचा प्रश्न. इथे जरा सविस्तर लिहिते, कारण 'खेळ घ्या' असं परिपत्रक निघालं की सहा महिन्यांचं आणि अडीच वर्षांचं मूल एकाच सतरंजीवर बसवून टाळ्या वाजवून घेतल्या जातात.

अंगावर पिणाऱ्या बाळाला खेळणं लागतच नाही. त्याला माणसाचा चेहरा लागतो, वीतभर-हातभर अंतरावरचा, बोलणारा आणि थांबणारा. थांबणं महत्त्वाचं. आपण काही बोलावं, गप्प राहावं, बाळाने 'आऽ' करावं, मग आपण त्याला उत्तर द्यावं. बोलण्याची पाळी घेणं बाळ इथेच शिकतं. जागं असताना त्याला दिवसातून थोडा थोडा वेळ पालथं घालायला हवं, म्हणजे मान आणि खांदे बळकट होतात. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये अशा बाळांसाठी दिवसभरात मिळून किमान 30 मिनिटं सांगितली आहेत आणि जागं मूल एका वेळी तासाहून जास्त बांधून ठेवू नये असंही म्हटलं आहे. शेतात झाडाला झोळी बांधून बाळाला निजवणं आईच्या मायेचं आणि नाइलाजाचं आहे. त्यावर बोट ठेवण्याचा मला अधिकार नाही. पण डोळे उघडल्यावरही ते झोळीतच राहिलं तर त्याच्या पाठीला, हातांना काम उरत नाही.

बसायला लागलं की जग त्याच्या हातात येतं. हातातलं आपटायचं, तोंडात घालायचं, टाकून द्यायचं आणि कुणीतरी उचलून दिलं की पुन्हा टाकायचं, हा त्याचा अभ्यास. तो थांबवू नये. उपड्या वाटीखाली चमचा लपवला की सात-आठ महिन्यांचं मूल आधी गोंधळतं आणि काही आठवड्यांनी वाटी उचलून पाहतं. दिसत नसलेली वस्तूही जागेवर असते, हे त्याला कळलेलं असतं. पदराआडचं 'बुवाऽ कुक' हाच धडा देतं, शिवाय गेलेली आई परत येते हा भरवसाही. पाळणाघरात आईपासून दूर राहणाऱ्या मुलाला तो भरवसा सगळ्यात आधी हवा.

वर्षाच्या आसपास भरणं आणि रिकामं करणं सुरू होतं. बांबूची लहान टोपली, दाणे काढून वाळवलेली मक्याची कणसं, कापडाचे चेंडू, झाकण घट्ट बसवलेल्या बाटल्या एवढं असलं की तास जातो. टोपल्या विणणारे कारागीर आपल्याच जिल्ह्यात आहेत. त्यांच्याकडून गुळगुळीत काठाच्या लहान टोपल्या करून घेतल्या तर दूरच्या शहरातून प्लॅस्टिकचे संच मागवायला नकोत. पाय फुटले की ढकलायला पांगुळगाडा द्यावा. हा खेड्यातल्या सुताराला जमतो आणि मूल स्वतःच्या जोरावर चालतं.

दीड ते दोन वर्षं हे पाणी आणि मातीचं वय. ओली माती थापायची, पानं लहान-मोठी लावायची, एका भांड्यातलं पाणी दुसऱ्यात ओतायचं. शब्द याच वेळी भराभर येतात, आणि ते येतात हातातल्या कामाबरोबर. धडगावकडे उन्हाळ्यात आई आमचूरसाठी कैऱ्या कापत असते तेव्हा शेजारी बसलेल्या मुलाने कोयी वेचून पाटीत टाकाव्यात आणि आईने प्रत्येक वेळी 'टाक', 'दे', 'अजून एक' म्हणावं. भाषेचा याहून चांगला तास मला माहीत नाही. दोन वर्षांनंतर मूल दुसरं कुणी होऊन पाहतं. बाजाराला जातं, बाहुलीला लस टोचतं, होळीचे दिवस आले की डबा गळ्यात अडकवून ढोल वाजवतं. जमिनीवर कोळशाने रेघा ओढतं आणि 'हा रेडा' म्हणून सांगतं. तो रेडा दिसतो का हे मोठ्यांनी विचारू नये. रेड्याविषयी आणखी विचारावं.

घरच्या वस्तू वापरताना डोळ्यांत तेल घालायला हवं. चिंचोके, मोहाच्या आणि सीताफळाच्या बिया, शेंगदाणे, फुटाणे तीन वर्षांखालच्या मुलाच्या हाती लागू नयेत. श्वासनलिकेत अडकलेला दाणा तालुक्याच्या दवाखान्यापर्यंत वेळ देत नाही. लाल गुंजा सुंदर दिसतात, पण त्या विषारी आहेत. एरंडीच्या बियाही तशाच. पाण्याच्या खेळात मोठ्या माणसाने हातभर अंतरावर बसायचं आणि खेळ संपला की बादली उपडी करायची. प्रशिक्षणात हा भाग आधी घ्यावा.

हे विचार बाहेरून आणलेले आहेत, असं कुणी समजू नये. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी 1945 मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं आणि अनुताई वाघ त्यांच्यासोबत उभ्या राहिल्या. 1957 मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर, वारली पाड्यांत गेलं. मुलं शाळेत येत नाहीत तर शाळेने त्यांच्या अंगणात जावं, ही कल्पना तिथली. पाठच्या भावंडाला सांभाळायचं म्हणून मोठी मुलगी शाळा बुडवते, हे ओळखून त्यांनी पाळणाघर, बालवाडी आणि शाळा एकाच ठिकाणी आणली. साधनं रानातली: पानं, दगड, शिंपले, बिया. 2 ऑक्टोबर 1975 रोजी देशात एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली त्याच्या कितीतरी आधीचं हे काम आहे. योजनेने अंगणवाडी घेतली, पण पाळणाघर कोसबाडला राहिलं. आपल्या जिल्ह्यात आजही सात-आठ वर्षांच्या मुली कडेवर भावंड घेऊन दिवस काढतात. लहानग्याला पाळणाघर मिळालं तर त्या दिवशी दोन मुलं शिकतील.

कागदावर आता त्याचीही सोय आहे. केंद्राच्या मिशन शक्तीतल्या 'पाळणा' योजनेखाली अंगणवाडीलाच पाळणाघर जोडता येतं. सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलांना दिवसाचे साडेसात तास, महिन्याचे 26 दिवस सांभाळायचं, आणि त्यासाठी सेविका व मदतनीस वेगळ्या. छत्तीसगडमध्ये बिलासपूरजवळच्या गनियारीच्या जन स्वास्थ्य सहयोग या संस्थेने आदिवासी गावांत तीन वर्षांखालच्या मुलांसाठी 'फुलवारी' नावाची पाळणाघरं चालवून दाखवली आणि पुढे तिथल्या सरकारने ती कल्पना उचलली. सांभाळणाऱ्या बाया गावातल्याच होत्या. अक्कलकुवा आणि धडगाव तालुक्यांना याहून वेगळं काही लागत नाही.

खेळांचा आराखडाही तयार आहे. केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने 2024 मध्ये 'नवचेतना' हा जन्मापासून तीन वर्षांपर्यंतचा आराखडा काढला. त्यात 36 महिन्यांसाठी 140 कृती महिन्यावार दिल्या आहेत. तो वाचला तेव्हा मनापासून बरं वाटलं. पण तो नंदुरबारला जसाच्या तसा उतरवू नका, ही कळकळीची विनंती. आपल्या जिल्ह्यातली दहातली जवळजवळ सात माणसं आदिवासी आहेत. घरात भिली, पावरी, मावची बोलली जाते. सपाटीवर अहिराणी आणि गुजरी. दोन वर्षांच्या मुलाला ज्या भाषेत आई हाक मारते तीच खेळाची भाषा. पुस्तकी मराठीतलं बडबडगीत पाठ करून घेणं त्याला पोपट करणं आहे. सेविका बहुतेक ठिकाणी गावातलीच असते, तिला ती भाषा येते. अडचण एवढीच की प्रशिक्षणात तिला नकळत सांगितलं जातं की केंद्रात ती भाषा बोलायची नसते. गावातल्या आज्यांना महिन्यातून एकदा बोलवा, त्यांची मांडीवर खेळवायची गाणी सेविकांच्या मोबाइलवर ध्वनिमुद्रित करा. तालुक्या-तालुक्याचा संग्रह वर्षभरात उभा राहील.

मोबाइलवरून आठवलं. रडणाऱ्या बाळापुढे मोबाइल धरण्याची सवय आता डोंगरातल्या पाड्यांवरही पोचली आहे. दोन वर्षांखालच्या मुलाला पडदा दाखवूच नये आणि दोन वर्षांनंतरही तासाच्या आत ठेवावा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. सेविकेने हे आईला सांगावं, पण त्याआधी अंगणवाडीतच मोबाइलवर गाणी लावून मुलं बसवणं थांबावं. नंदुरबार-शहाद्यासारख्या शहरांत दुसरंच चाललं आहे. अडीच वर्षांच्या मुलाला 'नर्सरी'त घालून त्याच्याकडून अक्षरं गिरवून घेतात आणि पालक वही पाहून खूश होतात. ज्या बोटांनी अजून माती पुरेशी मळलेली नाही, त्यांच्यात पेन्सिल खुपसणं ही त्या मुलावरची जबरदस्ती आहे. अंगणवाडीने त्या नर्सरीची नक्कल करू नये.

आता अधिकाऱ्यांच्या हातातली एक अगदी साधी गोष्ट सांगते. किती तरी अंगणवाड्यांत खेळण्यांचा संच आलेला असतो आणि तो कपाटात कुलपात असतो. सेविका आळशी म्हणून नव्हे. संचाची नोंद जडवस्तू संग्रह नोंदवहीत झालेली असते, आणि चाक तुटलं तर जबाब आपल्याला द्यावा लागेल ही तिला भीती असते. पर्यवेक्षिका आली की संच बाहेर येतो, फोटो होतो, पुन्हा आत जातो. वर्षभरात मोडलेली खेळणी हा वापराचा पुरावा मानला जाईल आणि त्याबद्दल कुणालाही विचारणा होणार नाही, असा दोन ओळींचा आदेश आपण काढू शकता. त्याला निधी लागत नाही.

दुसरी विनंती: या खेळांसाठी नवी नोंदवही आणू नका. सेविकेच्या डोक्यावर काय काय आहे हे आपण जाणता. 2020 मध्ये नर्मदाकाठच्या पाड्यांवर रोज स्वतः होडी वल्हवत जाणाऱ्या आपल्याच जिल्ह्यातल्या सेविकेची बातमी देशभर गेली. तिच्या होडीत वजनकाटा होता, आहाराची पाकिटं होती. अशा गृहभेटीला जाणाऱ्या सेविकेच्या पिशवीत तीन-चार खेळणीही असावीत. एका घरी ठेवायची, पुढच्या भेटीत बदलायची, आईला खेळून दाखवायचं. किंगस्टनला याहून वेगळं काही केलं नव्हतं.

ऊसतोडीला आणि गुजरातेत मजुरीला जाणाऱ्या कुटुंबांचा विचार वेगळा करावा लागेल. दिवाळीनंतर ही मुलं इथून निघतात आणि उन्हाळ्यातच परत येतात. एक-दोन वर्षांच्या मुलासाठी हे सहा महिने म्हणजे आयुष्याचा मोठा तुकडा. स्थलांतरित मुलांची यादी आज दुसऱ्या ठिकाणच्या अंगणवाडीकडे कळवण्याची पद्धत आहे, ती शिध्यासाठी आणि लसीसाठी. जिथे ही कुटुंबं मोठ्या संख्येने उतरतात तिथल्या प्रशासनाशी आणि साखर कारखान्यांशी बोलून फडाजवळ पाळणाघर मागता येईल. गावी आजीजवळ राहिलेल्या मुलांसाठी मात्र आपल्याला कुणाशी बोलायची गरज नाही. ती इथेच आहेत.

म्हणून सुरुवात लहान करा. सहा तालुक्यांत मिळून तीस अंगणवाड्या निवडा, त्यातल्या निम्म्या तरी अक्कलकुवा-धडगावच्या दुर्गम पाड्यांवरच्या असाव्यात. अंड्याच्या चार दिवशी अर्धा तास तीन वर्षांखालच्या मुलांसाठी राखून ठेवा. मदतनीस त्या वेळी मोकळी राहील अशी स्वयंपाकाची वेळ बसवा. जिथे आया दिवसभर शेतात असतात तिथे पाळणाघराचा प्रस्ताव पाठवा. आणि वर्षाने वजनाच्या आकड्यासोबत हेही पाहा की मूल किती बोलतं, किती हलतं, अनोळखी माणसाकडे बघून हसतं का.

या पत्राला लेखी उत्तर दिलं नाहीत तरी चालेल. एक दिवस पूर्वसूचना न देता एखाद्या पाड्यावरच्या अंगणवाडीत जा, सतरंजीवर बसा आणि खेळण्यांचं कपाट उघडायला सांगा.

आपली,
शहादे तालुक्यातली एक निवृत्त बालवाडी शिक्षिका